तीसमारखाँचे वाङ्मय

वाङ्मयाच्या दरबारात ज्या ग्रंथांना त्यांच्या योग्यतेहून फार मोठी बैठक मिळाली आहे, त्यांत शिकारीच्या पुस्तकांचा क्रम बराच वर लागतो. कादंबरी भिकार असली तर टीकाकार तिच्यावर तुटून पडतात. कविता निःसत्त्व असली तर तिची टिंगल होते. इतिहासात एखादा सन चुकला तर दहा पंडित लेखण्या परजून उभे राहतात. परंतु एखाद्या साहेबाने आफ्रिकेच्या माळावर दोनचारशे जनावरे मारली, आणि घरी परतल्यावर त्यांचा जमाखर्च चारशे पानांत छापला, की त्या जमाखर्चास 'साहसवाङ्मय' असे भारदस्त नाव मिळते आणि तो बक्षीससमारंभात विनातक्रार मुलांच्या हाती पडतो. त्याची भाषा कशी आहे, त्यात माणसे कशी रंगवली आहेत, त्यात खरे किती आणि फुगवलेले किती, हे कोणी विचारीत नाही. गोष्ट शौर्याची आहे, मुलगा धीट होईल, एवढ्यावर पालकांचे समाधान होते. ह्या समाधानाविरुद्ध आमची तक्रार आहे, आणि ती आम्ही येथे जरा सविस्तर मांडणार आहो.

ही तक्रार भोकरसारख्या गावातून यावी, ह्याचे कोणास नवल वाटू नये. ज्याच्या फळाचे लोणचे घालतात त्या झाडाशी नाव जुळणारे हे आमचे गाव नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ वसले आहे. मुदखेडहून निघालेली रेल्वे भोकरावरून किनवटास व तेथून आदिलाबादेस जाते. म्हणजे रुळांच्या एका टोकास गोदाकाठची शेते आणि दुसऱ्या टोकास सागाची राने. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात शिकार हा केवळ छंद नसून राजशिष्टाचाराचा भाग होता. लॉर्ड कर्झन व त्यांच्या पत्नी मेलेल्या वाघापाशी उभे आहेत, असे हैदराबाद राज्यातील १९०२ सालचे छायाचित्र अद्याप पुस्तकांतून छापले जाते. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांनी तीसांहून अधिक वाघ मारले म्हणून लोक त्यांस 'तीसमारखाँ' म्हणू लागले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांनी त्या शब्दाचे पुढे काय केले हे पाहण्यासारखे आहे. आज मराठीत तीसमारखाँ म्हणजे वीर नव्हे, बढाईखोर. तीन पिढ्यांच्या समीक्षकांना जे जमले नाही, ते लोकभाषेने एका शब्दात करून टाकले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शिकारीचे पुस्तक वाईट केव्हा म्हणावे? त्यात जनावरे मारली जातात एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही. महाभारतात माणसे मारली जातात म्हणून कोणी महाभारतास वाईट म्हणत नाही. वाईटपणाची आमची कसोटी वाङ्मयाची आहे, आणि तिच्यावर ह्या पुस्तकांचे चार दोष उघड दिसतात.

पहिला दोष आकड्यांचा. कुचबिहारचे महाराज नृपेंद्रनारायण ह्यांनी १९०८ साली आपल्या सदतीस वर्षांच्या शिकारीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील एकंदर बेरीज ३६५ वाघ आणि २०७ गेंडे अशी आहे. वर्षाचे जितके दिवस तितके वाघ! पंचांग लिहावे तसे हे पुस्तक आहे. भेद इतकाच की पंचांगात प्रत्येक दिवसाचे काही वेगळेपण सांगितलेले असते. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा नेपाळच्या तराईत गेले आणि दहाअकरा दिवसांत ३९ वाघ व १८ गेंडे मारून परतले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पुत्रासह पूर्व आफ्रिकेत उतरले. दोनशेंहून अधिक हमाल आणि कातडी टिकविण्यासाठी काही टन मीठ घेऊन हा तांडा निघाला, आणि पुढच्या वर्षी जे पुस्तक बाहेर पडले त्यात पित्याने २९६ व पुत्राने २१६, मिळून ५१२ प्राणी मारल्याची रीतसर यादी जोडली आहे. रूझवेल्टसाहेब मोठे वाचक होते. प्रवासात त्यांनी साठेक निवडक ग्रंथांची पेटी बरोबर ठेवली होती. घाम, रक्त व तेल ह्यांनी पुस्तके खराब होऊ नयेत म्हणून त्या सर्वांस डुकराच्या कातड्याची बांधणी करून घेतली होती. ज्याच्या ग्रंथसंग्रहासदेखील कातडे लागते, त्याच्या ग्रंथात कातड्यांची मोजदाद असावी हे क्रमप्राप्तच म्हणावयाचे!

आकडा ही वाङ्मयात मोठी घातक वस्तू आहे. पहिला सिंह मेला तेव्हा वाचकाचा श्वास रोखला जातो. दुसरा मेला तेव्हा तो पान उलटतो. दहाव्याच्या वेळी त्यास जांभई येते. लेखकासही हे कळत असते. म्हणून तो मग शिंगांची लांबी मोजू लागतो, आयाळीचा रंग सांगू लागतो, बंदुकीच्या नळीचे व्यास आणि गोळीचे वजन देऊ लागतो. हेमिंग्वेसारखा मोठा गद्यकार घ्या. १९३५ च्या त्याच्या आफ्रिकेवरील पुस्तकात रानाची वर्णने अशी आहेत की दृष्टी निवावी. परंतु कुडू नावाच्या हरणाची शिंगे आपली लांब की सोबत्याची लांब, ह्या शाळकरी चुरशीवर त्याने आपली लेखणी किती झिजवली आहे! उत्तम हत्याराने गवत कापावे तसे हे झाले. तरी हेमिंग्वेच्या पदरी एवढे पुण्य आहे की बंदूक वाहणाऱ्या आफ्रिकी मनुष्यास त्याच्या पुस्तकात नाव आहे, स्वभाव आहे, मतेही आहेत. बहुतेकांच्या पुस्तकांत एवढेही नाही.

दुसरा दोष हृदयाच्या बधिरतेचा. ह्या बाबतीत पहिला मान स्कॉटलंडच्या रोएलिन गॉर्डन-कमिंग ह्यास दिला पाहिजे. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दक्षिण आफ्रिकेवरील पुस्तकाने विलायतेत मोठी खळबळ उडविली. त्यात तो एका हत्तीची हकीकत सांगतो. हत्ती गोळी लागून पांगळा झाला होता. त्यास हलता येत नव्हते. तेव्हा लेखकमहाशयांनी जवळच विस्तव करून कॉफी उकळली, ती पीत पीत त्या जनावराचे भव्य रूप न्याहाळले, आणि नंतर त्याचे मर्मस्थान नेमके कोठे आहे हे पाहण्यासाठी निरनिराळ्या जागी गोळ्या घालण्याचा प्रयोग आरंभिला. हे सर्व त्यानेच लिहिले आहे. त्याच्या शत्रूने नव्हे. कृत्य क्रूर आहे हे तर खरेच. परंतु वाङ्मयदृष्ट्या त्याहून वाईट गोष्ट ही की आपण काय लिहीत आहो ह्याची त्यास गंधवार्ता नाही. क्रौर्य जाणून वर्णिणारा लेखक थोर असू शकतो. क्रौर्य करून त्याची वार्ताही नसणारा मनुष्य लेखक असूच शकत नाही. तो फार तर कारकून. त्यापुढच्या पिढीतील 'करामोजो' बेल ह्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यावर १९२३ साली पुस्तक लिहिले. हत्तीच्या मेंदूचा नेम कोणत्या बाजूने कसा धरावा हे त्याने कवटी कापून शिकून घेतले होते, आणि ते ज्ञान तो एखाद्या सुताराने सांध्याविषयी बोलावे तसे सांगतो. बेलच्या गद्यात निदान कारागिराचा नेटकेपणा आहे; गॉर्डन-कमिंगच्या गद्यात तोही नाही.

तिसरा दोष आमच्या मते सर्वांत मोठा, आणि त्याचा आम्हां भारतीयांशी साक्षात संबंध आहे. पॅटरसन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचे 'त्साव्हो येथील नरभक्षक' हे १९०७ सालचे पुस्तक जगभर वाचले गेले. त्यावर बोलपटही निघाले. युगांडा रेल्वेचे काम चालू असता १८९८ साली त्साव्हो नदीच्या पुलाजवळ दोन सिंहांनी मजुरांना ओढून नेले, आणि पॅटरसनने त्या दोघांना मारले, ही त्याची कथा. हे मजूर कोण? ब्रिटिश हिंदुस्थानातून करारावर नेलेले आपलेच लोक. सिंहांनी अठ्ठावीस हिंदी मजूर मारले असे पॅटरसन लिहितो. आफ्रिकी माणसेही पुष्कळ मेली, पण त्यांची नोंद कोणी ठेवली नव्हती, हेही तोच सांगतो. पुढे १९२५ च्या सुमारास शिकागोच्या संग्रहालयाने त्या सिंहांची कातडी विकत घेतली, तेव्हा बळींचा आकडा १३५ वर गेला. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याच सिंहांच्या केसांचे व हाडांचे रासायनिक परीक्षण केले, आणि त्यांचा अंदाज पस्तीसच्या आसपास निघाला. शिकारीच्या पुस्तकात वाघ मेल्यावरही वाढतो अशी आपल्याकडे थट्टा करतात. येथे सिंहाची भूकदेखील तो मेल्यावर वाढली!

परंतु ह्याहून मोठा हिशेब निराळाच आहे. त्या रेल्वेवर सुमारे बत्तीस हजार हिंदी मजूर नेले होते, आणि त्यांतील अडीच हजारांच्या जवळपास तिकडेच मेले. ते हिवतापाने, हगवणीने, अपघाताने, श्रमाने मेले. अठ्ठावीस माणसे सिंहाने खाल्ली त्यावर पुस्तक झाले. अडीच हजार माणसे रेल्वेने खाल्ली, त्यावर पॅटरसनसाहेबांस लिहावेसे वाटले नाही. त्याच पुस्तकात एक प्रसंग ओझरता येऊन जातो. भयाने व संतापाने ग्रासलेल्या शेकडो मजुरांनी रुळांवर अंग टाकून गाडी थांबविली, तीत चढून ते निघून गेले, आणि काम काही आठवडे बंद पडले. 'आम्ही करार मजुरीचा केला आहे, सिंहाच्या तोंडी जाण्याचा नव्हे,' असे त्यांच्या वागण्याचे सरळ तात्पर्य होते. विचार करा, १८९८ साली परमुलखात आपल्या माणसांनी रुळावर निजून केलेला हा संप! कोणत्याही खऱ्या लेखकाने ह्या प्रसंगावर सबंध ग्रंथ उभा केला असता. येथे तो नायकाच्या मार्गातील एक अडचण म्हणून उरकला आहे. ज्या लेखकाच्या डोळ्यांसमोर महाकाव्य घडते आणि त्यास केवळ सिंह दिसतो, त्याच्या दृष्टीस आम्ही नेमबाजाची दृष्टी म्हणू, लेखकाची नव्हे.

हीच गोष्ट आमच्या रानांत घडली. हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या हिंगोलीस, मोमिनाबादेस होत्या. तेथील इंग्रज अधिकारी सुटीच्या दिवसांत शिकारीस निघत. त्या फौजेत चाकरी केलेल्या बर्टन ह्यांनी १९२८ साली दख्खनमधील शिकारीवर व वन्यजीवांवर पुस्तक काढले, आणि प्राण्यांच्या सवयींचे निरीक्षण म्हणून त्याचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु ह्या जातीच्या साऱ्या पुस्तकांतून हाक्याचे वर्णन एकाच साच्याचे असते: इतके हाकेकरी जमवले, ढोल वाजले, पत्र्याचे डबे बडवले गेले, वाघ निघाला, साहेबाने मचाणावरून गोळी घातली. वाघ जेथून निघाला त्या झाडीत हातात काठी घेऊन पायी चालणारा मनुष्य कोण होता? त्याचे नाव काय? तो राजीखुशीने आला होता की वेठीस धरून आणला होता? त्या राज्यात वेठबिगारीची चाल होती हे सर्वविश्रुत आहे. ज्या आदिलाबाद जिल्ह्यात किनवट तालुका १९५६ पर्यंत मोडत होता, त्या जिल्ह्यात रान राखीव झाल्यामुळे गोंड व कोलाम ह्यांच्या वाड्या उठवल्या गेल्या. त्यातून कुमरम भीमचे बंड झाले आणि १९४० साली जोडेघाट येथे तो गोळीस बळी पडला. त्यानंतर फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ तेथे गेला, गोंडांत राहिला, आणि त्यांच्यावर त्याने ग्रंथ लिहिले. एकाच रानावरची ही दोन प्रकारची पुस्तके शेजारी ठेवून पाहावी. एकात रान हे वाघाचे घर आणि गोंड हा वाघ उठवण्याचे साधन; दुसऱ्यात रान हे माणसाचेही घर. वाचकहो, दुसरे पुस्तक आमच्या किती घरांत आहे?

चौथा दोष ढोंगाचा. शिकारीचा लेखक आपल्या हौसेस नेहमी एखाद्या परोपकाराचे वस्त्र नेसवतो. रूझवेल्टसाहेबांनी संग्रहालयाचे नाव पुढे केले. इतरांनी 'गरीब रयतेचे रक्षण' पुढे केले. वाघ क्रूर, बिबळ्या कपटी, रानकुत्रा दरोडेखोर, अशी विशेषणे ह्यासाठीच योजलेली असतात. आरोपी आधी बदनाम असला म्हणजे फाशीची शिक्षा सुसह्य वाटते. इतिहासकार महेश रंगराजन ह्यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत ह्या देशात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले. हे सारे नरभक्षक होते असे कोणी शपथेवर सांगेल काय? आणि ढोंगाची परिसीमा पाहावयाची तर कायद्याकडे वळावे. १८७१ साली कॅप्टन फोर्साइथचा मध्य हिंदुस्थानातील रानांवरील प्रसिद्ध ग्रंथ लंडनमध्ये निघाला, आणि त्याच १८७१ साली इकडे गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. ज्यांच्या पिढ्या फासे व जाळी लावून तितर-ससे धरण्यात गेल्या, त्या पारध्यांसारख्या जमातींवर त्या कायद्याची काळी छाया १९५२ पर्यंत राहिली. लोकांच्या मनातून ती अजून गेलेली नाही. बंदुकीने तीनशे वाघ मारणारा तो 'स्पोर्ट्समन', आणि पोटासाठी फास्याने ससा धरणारा तो जन्मजात गुन्हेगार! पहिल्याने पुस्तक लिहिले. दुसऱ्याचे नाव पोलिसांच्या वहीत लिहिले गेले.

येथे आमच्यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, तो काळच तसा होता. आजच्या मापाने कालच्यांना मोजू नये. आक्षेप दिसावयास सयुक्तिक आहे. परंतु तो काळ तसा होता म्हणजे कोणाचा काळ? आमच्या परंपरेत शिकारीविषयी निराळे मत काल-परवाचे नाही. मनुस्मृतीने राजाची कामज व्यसने मोजली त्यांत मृगयेस अगदी पहिले स्थान दिले आहे. कालिदासाच्या शाकुंतलात सेनापती मृगयेची स्तुती करतो खरा, पण विदूषक तिची जी दुर्दशा वर्णितो ती वाचून हसू आवरत नाही. आणि नाटकाच्या आरंभीच तपस्वी हात वर करून राजाचा बाण थांबवतो. पांडूस शाप मिळाला तो शिकारीत. दशरथास पुत्रशोक भोगावा लागला तो शिकारीपायी. किंबहुना आमच्या काव्याचा जन्मच एका शिकारीतून झाला अशी कथा आहे. व्याधाने क्रौंच पक्षी मारला आणि ते पाहून वाल्मीकींच्या मुखातून श्लोक बाहेर पडला. ध्यानात घ्या, श्लोक व्याधास स्फुरला नाही; पाहणाऱ्यास स्फुरला. शिकारीचे पुस्तक कोणी लिहावे ह्याविषयीचा आमच्या परंपरेचा निर्णय त्या एका कथेत आला आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर साक्ष आणखी जवळची आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो त्या लीळाचरित्रात सशाची लीळा आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो. मागून पारधी येऊन तो मागतात. स्वामी त्यांना शांतपणे समजावतात आणि सशाचा जीव वाचतो. त्या लीळेत पारध्यांचाही अपमान नाही. त्यांच्याशी वाद आहे, तिरस्कार नाही. सातशे वर्षांपूर्वी मराठी गद्य इतके सुसंस्कृत होते. त्याच मराठीत विसाव्या शतकात साहेबी शिकारकथांची रूपांतरे आली. त्यांत वाघाने 'डरकाळी फोडावी', आदिवासी नोकराने 'थरथर कापावे' आणि नायकाने 'क्षणाचाही विलंब न लावता' घोडा ओढावा, ही वाक्ये इतकी ठरलेली असतात की लेखकाने लिहिण्याऐवजी त्यांचे शिक्केच करून ठेवावे! ज्या महाराष्ट्रात कोल्हापुरासारख्या संस्थानाने आपल्याकडचे चित्ते संपत आले म्हणून थेट आफ्रिकेतून चित्ते आणवून त्यांच्याकरवी हरणे मारविली, त्या महाराष्ट्रात साहेबाच्या शिकारकथेचेही आफ्रिकेतून आयात केलेले चित्ते पाळले गेले ह्यात आश्चर्य ते काय!

दुसरा आक्षेप असा की, जिम कॉर्बेटचे काय? १९४४ साली निघालेले त्याचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तक आम्हीही आवडीने वाचतो. पण ते का आवडते? चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली होती म्हणून नव्हे. त्या पुस्तकात खेडे आहे. दाराला आतून कडी लावून पाच पाच दिवस बसलेली माणसे आहेत. गवत कापावयास गेलेली आणि परत न आलेली बाई आहे. वाघीण माणूस का मारू लागली ह्याचा शोध आहे, आणि तिच्या मोडक्या सुळ्यांचे कारण पूर्वी कोणा बंदुकवाल्याने मारलेली गोळी आहे हे सांगण्याचा प्रामाणिकपणा आहे. कॉर्बेट हा आमच्या सिद्धांताचा अपवाद नसून त्याचा पुरावा आहे. ज्याने माणसाकडे पाहिले, त्यास जनावरही दिसले. ज्याने माणसास हाकेकरी म्हणून पाहिले, त्यास जनावर केवळ कातडे दिसले.

मराठीतही ह्या सुधारणेचा मार्ग आपल्या लेखकांनी दाखविला आहे. व्यंकटेश माडगूळकर हे बंदूक घेऊन रानात हिंडलेले गृहस्थ. पुढे त्यांनी बंदूक ठेवून वही-पेन्सिल घेतली, आणि 'नागझिरा', 'जंगलातील दिवस' ही पुस्तके झाली. २०२५ साली कैलासवासी झालेले मारुती चितमपल्ली ह्यांनी वनखात्यात आयुष्य वेचले, आणि रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची, वेलींची नावे गोळा करून मराठी भाषेची श्रीमंती वाढविली. साहेबी शिकारकथेने मराठीस काय दिले? 'मारला', 'लोळवला', 'टिपला' एवढी तीन क्रियापदे! एका बाजूस शेकडो शब्द, दुसऱ्या बाजूस तीन. वाङ्मयाचा न्याय ह्याहून सोपा कोठे असेल असे वाटत नाही.

कोणी म्हणेल, आता तर शिकार बंद झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. मग मेलेल्या सापास का धोपटता? साप मेलेला नाही. त्याने कात टाकली आहे. बंदुकीच्या जागी दुर्बिणीएवढा कॅमेरा आला, कातड्याच्या जागी छायाचित्र आले, आणि 'किती वाघ पाहिले' हा आकडा 'किती मारले' ह्याच्या जागी बसला. मोजण्याची खोड तीच. रानातला माणूस तेव्हाही चित्रात नव्हता, आजही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात 'अवनी' वाघीण गोळी घालून मारली गेली, तेव्हा तिच्या नावाने शहरांतून निदर्शने झाली, आणि त्या रानाकाठच्या गावांतून सुटकेचा आनंद प्रकट झाला. तेरा माणसांचा बळी तिच्या माथी होता. वाघिणीचे नाव देशभर झाले. त्या तेरांची नावे किती सुशिक्षितांस ठाऊक आहेत? शिकारी लेखकाने त्यांना विसरणे आम्ही समजू शकतो. प्राणिमित्रानेही त्यांना विसरावे, ह्यावरून वाईट पुस्तकांचा संस्कार किती खोल जातो ते दिसते. एकाने वाघास खलनायक केले, दुसऱ्याने नायिका केले. गवत कापणारी बाई दोघांच्याही कथेत मुकीच राहिली.

आमच्या तालुक्यात ज्वारी, हरभरा राखण्यासाठी शेतकरी आजही रात्री जागलीस जातो. रोह्यांचे कळप व रानडुकरे एका रात्रीत सहा महिन्यांचे कष्ट तुडवून टाकतात. तो माळ्यावर बसतो. हातात बॅटरी, जवळ शेकोटी, फार तर एखादा डबा बडवावयास. साहेबाचे मचाण आणि शेतकऱ्याचा माळा, दोन्ही लाकडांचेच, उंचीही सारखीच. एकावर चारशे पानांचे पुस्तक झाले, दुसऱ्यावर पंचनाम्याचा एक कागद होतो, तोही हेलपाटे घातल्यावर. थंडीत रात्रभर जागून, जनावरास न मारता केवळ हाकलून पहाटे घरी येणाऱ्या ह्या माणसाच्या धैर्यास साहसवाङ्मयात जागा नसावी, ही आमच्या वाङ्मयाची उणीव आहे. त्याच्या धैर्याची नव्हे.

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतला, आणि त्या भाषेने तो अरबीतील 'सफर' ह्या शब्दावरून घेतला; म्हणजे आपण मराठीत 'सफर' म्हणतो तोच तो. त्याचा अर्थ प्रवास, एवढाच. बंदूक त्यात साहेबांनी घातली. २०१९ साली टिपेश्वरच्या अभयारण्यातून गळ्यात यंत्राचा पट्टा असलेला एक तरुण वाघ निघाला. आदिलाबादेकडची राने, पैनगंगेचे खोरे, हिंगोलीकडचा मुलूख अशी वाटचाल करीत, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडून तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगेच्या रानात पोहोचला. त्याची एकंदर वाटचाल सुमारे तीन हजार किलोमीटरांची भरली, आणि त्या वाटेत त्याने कोणा मनुष्याचा प्राण घेतला नाही. तो कित्येक गावांच्या शिवारांतून रात्री गेला असेल, आणि माळ्यावर जागणाऱ्या कित्येक माणसांच्या नकळत त्यांच्या शेजारून गेला असेल. वाघ व माणूस ह्यांच्या संबंधाची अशी सफर आमच्या दाराशी घडत असता आम्ही मुलांच्या हाती कोणाच्या सफारीची पुस्तके देतो?

आमची मागणी जुनी पुस्तके जाळण्याची नाही. पॅटरसन, रूझवेल्ट, गॉर्डन-कमिंग ही मंडळी वाचनालयात राहोत. परंतु ती साहसाच्या कपाटातून काढून इतिहासाच्या कपाटात ठेवावी, आणि मुलांना देताना शेजारी एक प्रश्नही द्यावा: ह्या पानावर जो मनुष्य बंदूक उचलून चालला आहे, त्याचे नाव काय? ज्या पुस्तकास ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही ते वाईट पुस्तक, मग त्यातला सिंह कितीही मोठा असो. आणि किनवट-माहूरच्या रानांतले गोंड, कोलाम, आंध ह्यांच्या मुलांनी, भोकर-हदगावच्या जागल्यांच्या मुलामुलींनी हे दुसरे पुस्तक लिहावयास घ्यावे. आजवर त्यांच्या आजोबांनी वाघ उठवून दिला आणि नाव दुसऱ्याचे झाले. निदान ही कथा तरी त्यांनी दुसऱ्याच्या मचाणाकडे हाकून देऊ नये.